एका दिवसाची बंदरे

भूमध्य समुद्राच्या काठची तीन-चार गावे एका दिवसात दाखवून आणणाऱ्या खाजगी सहली आता आपल्याकडच्या प्रवाशांनाही अपरिचित राहिलेल्या नाहीत. सकाळी गाडी दाराशी येते, सोबत एक मार्गदर्शक असतो, दर गावी तास-दीड तास मिळतो आणि दिवेलागणीला माणूस मुक्कामी परततो. अशा सहलीची चेष्टा करणे सोपे आहे. ‘पाहिले’ आणि ‘पाहून झाले’ यांतले अंतर साहित्याच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागत नाही. पण एका दिवसात अनेक बंदरे ओलांडणाऱ्या माणसाने लिहून ठेवलेले एक प्राचीन पुस्तक आपल्या इतिहासाचा मोठा आधार होऊन बसले आहे, हेही विसरता येत नाही. गेल्या हिवाळ्यात भुसावळहून आम्ही काही शिक्षक व विद्यार्थी कोकणच्या किनाऱ्यावरील अशाच एकदिवसीय सहलीला गेलो. भूमध्य समुद्र पाहण्याची ऐपत आमच्यात नव्हती, पण त्या समुद्राकडून आलेल्या वाटेचे आपल्या बाजूचे टोक पाहता येईल, एवढा विचार त्यामागे होता. चौल, रेवदंडा, कोर्लई आणि राजपुरीसमोरचा जंजिरा अशी आमची यादी होती. या लेखात त्या दिवसाचे वर्णन थोडे आहे. अशा यादीतून इतिहास किती हाती लागतो आणि किती निसटतो, हा त्याचा मुख्य विषय आहे.

यादीची सुरुवात, आमच्याही नकळत, कल्याणलाच झाली. रात्रीच्या गाडीने निघालेल्या खानदेशी माणसाला कल्याण म्हणजे पहाटे झोपेतून उठून उतरायचे जंक्शन. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ‘एरिथ्रियन समुद्राचे पेरिप्लस’ लिहिणाऱ्या अनामिक ग्रीकभाषक व्यापाऱ्याला मात्र ते ‘कल्लिएना’ नावाचे बंदर म्हणून माहीत होते. हा लेखक बहुधा रोमन साम्राज्यातील इजिप्तचा रहिवासी होता. पूर्वी येथे रीतसर व्यापार चाले, पण पुढे सत्ता बदलली, अडथळे आले आणि आता एखादे ग्रीक जहाज चुकून आलेच तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात, असे तो सांगतो. एका बंदराच्या उतरत्या काळाची ही नोंद आहे. तिच्यात हळहळ कुठेच नाही. फायद्या-तोट्याचा हिशोब ठेवणाऱ्याची ती कोरडी, सावध भाषा आहे.

‘पेरिप्लस’ या शब्दाचा अर्थच मुळी किनाऱ्याकिनाऱ्याने केलेली जलयात्रा. कल्याणनंतर हा लेखक दक्षिणेकडील बंदरांची नावे एकामागून एक सांगत जातो : सेमिल्ला, मंदगोरा, पालैपतमै, मेलिझेगरा, बायझँटिऑन. यांतील सेमिल्ला म्हणजे आपले चौल, याबद्दल बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे. बाकीच्या नावांच्या ओळखीबद्दल वाद आहेत आणि कोकणच्या किनाऱ्यावर ‘बायझँटिऑन’ हे ग्रीक वळणाचे नाव कुठल्या देशी नावाचा अपभ्रंश असावा, हा तर विद्वानांचा जुना खेळ आहे. आमच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट वेगळी आहे. भडोचबद्दल पाने भरून लिहिणारा हा माणूस चौलबद्दल नावापलीकडे काहीही लिहीत नाही. तेथे देऊळ होते की विहार, माणसे काय खात, काय नेसत, यांबद्दल एक अक्षर नाही. चौल हे त्याच्या दृष्टीने वाटेवरचे एक नाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या एका गावाचे नाव टिकून राहिले ते अशा घाईच्या यादीमुळे.

त्या नावाला दुसऱ्या बाजूनेही दुजोरा मिळतो. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत ‘चेमुल’चे रहिवासी येतात. ग्रीक लेखकाच्या यादीत जे केवळ वाटेवरचे नाव आहे, ते या लेखांत दान देणाऱ्या माणसाचे गाव म्हणून येते. पुढे अरब लेखक त्यालाच ‘सैमूर’ म्हणू लागले. दहाव्या शतकाच्या आरंभी, हिजरी ३०४ मध्ये म्हणजे सुमारे इ.स. ९१६ मध्ये, अल-मसूदी येथे आला तेव्हा शिलाहार राजा झंझ राज्य करीत होता. सैमूरमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, त्यांत येथेच जन्मलेले आहेत तसे ओमान, बसरा, बगदादहून आलेलेही आहेत, आणि त्यांचा न्यायनिवाडा पाहणारा त्यांच्यापैकीच एक प्रमुख राजाने नेमलेला आहे, असे तो लिहितो. दहा हजार हा आकडा शब्दशः घ्यावा की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवू. पण ग्रीक व्यापाऱ्याने नुसते नाव लिहिले आणि अरब पंडिताने गाव लिहिले, हा फरक नजरेत भरण्यासारखा आहे. एकाला माल हवा होता, दुसऱ्याला माणसे हवी होती.

चौलला आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन चढू लागले होते. रामेश्वराचे देऊळ, त्यासमोरची पुष्करणी, नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून जाणारा अरुंद रस्ता. बंदर म्हणावे असे येथे आता काही नाही. गाळ साचला, जहाजे मोठी झाली, व्यापार सुरतेला आणि पुढे मुंबईला गेला. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी या परिसरात केलेल्या उत्खननामुळे सातवाहनकालीन वस्तीचे पुरावे पुढे आले आहेत, परंतु सहलीला आलेल्या माणसाला दाखवता येईल असे त्यात काही नसते. खापराचा तुकडा पाहायला डोळा तयार लागतो. आमचा मार्गदर्शक पन्नाशीचा, त्याच परिसरातला. हे गाव पूर्वी ‘चंपावती’ होते आणि रेवदंडा म्हणजे ‘रेवतीक्षेत्र’, ही स्थानिक परंपरा त्याने रंगवून सांगितली. सेमिल्ला, चेमुल, सैमूर यांपैकी एकही नाव त्याच्या सांगण्यात आले नाही. त्याचा दोष काय? गावाने स्वतःबद्दल जपलेली कथा तो सांगत होता, आणि आम्ही परक्यांनी लिहिलेली नावे घेऊन त्या गावात हिंडत होतो.

चौलला आलेल्यांपैकी आमच्या मनात घर करून राहिलेला माणूस मात्र अफनासी निकितिन. त्व्हेर या रशियन शहराचा हा व्यापारी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलच्या किनाऱ्यावर उतरला. वास्को द गामा कालिकतला पोहोचला १४९८ मध्ये. निकितिन त्याच्या पाव शतक आधीचा. येथून तो जुन्नरला गेला, पावसाळा तेथे काढला. तेथील अधिकारी असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदलला तरच परत मिळेल असे बजावले. एका वजनदार माणसाने रदबदली केली म्हणून घोडाही वाचला आणि धर्मही. पुढे बिदर पाहून, काही वर्षांनी दाभोळहून जहाजात बसून तो निघाला आणि आपले गाव गाठण्याआधीच, स्मोलेन्स्कजवळ वारला. त्याची टिपणे ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध आहेत. त्या टिपणांत रशियन मजकुराच्या मध्येच तुर्की, फारसी, अरबी वाक्ये येतात, आणि शेवटची प्रार्थना तर रशियन लिपीतील परकी भाषाच आहे. ज्याला आपण ‘शुद्ध’ भाषा म्हणतो ती या माणसाच्या प्रवासात गळून पडली. मुक्काम करणाऱ्याला ही किंमत द्यावी लागते. रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात त्याचे स्मारक उभे आहे. तेथे आम्हाला दहा मिनिटे मिळाली.

रेवदंडा हे चौलचेच समुद्राकडचे अंग. १५२१ मध्ये निजामशाहीच्या संमतीने पोर्तुगीजांनी येथे किल्ला बांधायला घेतला. आज त्याच्या तटाच्या आत गावच्या वाड्या आहेत, आणि मोडक्या चर्चच्या भिंतींवर वेली चढल्या आहेत. ‘सातखणी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मनोऱ्याचे सातही मजले आता मोजता येत नाहीत. परंतु येथे भूमध्य समुद्राचा संबंध निव्वळ व्यापाराचा राहत नाही, तो तोफांचाही होतो. पोर्तुगीजांनी आफ्रिकेला वळसा घालून मिऱ्यांचा व्यापार वळवला तेव्हा खरा धक्का बसला कैरोच्या मामलूक सुलतानाला आणि त्याच्याकडून माल घेऊन युरोपला विकणाऱ्या व्हेनिसला. तांबड्या समुद्राच्या काठी जहाजबांधणीचे लाकूड नाही, म्हणून सुलतानाने ते भूमध्य समुद्राच्या उत्तरेकडील किनाऱ्यांवरून मागवले, नाईलमधून वर नेले, उंटांवर लादून सुएझला पोहोचवले आणि तेथे आरमार उभे केले. अमीर हुसेनच्या हाताखालचे हे आरमार मार्च १५०८ मध्ये दीवच्या मलिक अयाझची जहाजे सोबत घेऊन चौलच्या खाडीत शिरले. त्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. बापाने पुढच्याच वर्षी दीवजवळ सूड घेतला. व्हेनिसच्या नफ्या-तोट्याचा निकाल काही अंशी कुंडलिकेच्या मुखाशी लागत होता, हे आज त्या शांत पाण्याकडे पाहताना खरे वाटत नाही.

खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लई. समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या सोंडेवर किल्ला आणि पायथ्याशी गाव. निजामशहाने चौलच्या पोर्तुगीजांना शह देण्यासाठी येथे तटबंदी उभारली, १५९४ मध्ये ती पोर्तुगीजांनी जिंकली. वसईच्या मोहिमेनंतर, १७४० च्या तहाने, चौल व कोर्लई दोन्ही मराठ्यांकडे आली. पोर्तुगीज निघून गेले. मागे राहिले ते त्यांच्या वस्तीतील देशी ख्रिस्ती लोक, आणि त्यांच्या तोंडी राहिली एक भाषा. तिला ‘क्रिस्ती’ म्हणतात. बोलणारे तिला ‘नउ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, असेही म्हणतात. शब्द बहुतांशी पोर्तुगीज मुळाचे, पण मराठीच्या शेजाराने वाक्यरचना पार बदललेली. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्माच्या आधी येते, येथे ते मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी जाऊ लागले. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषावैज्ञानिकाने तिच्यावर १९९६ मध्ये ग्रंथच लिहिला. आज ही भाषा बोलणारे हजाराच्या आसपास असतील. किल्ल्याचा चिरा पडला तर पुन्हा बसवता येतो. ही भाषा टिकायची तर घराघरांतच टिकेल.

आमच्या मार्गदर्शकाने गाडीतूनच हाताने दाखवले, “हे लोक पोर्तुगीज बोलतात.” त्याच्या यादीत किल्ला, दीपगृह आणि ही भाषा अशा तीन वस्तू होत्या. आम्ही खाली उतरलो. एका घराच्या ओट्यावर बसलेल्या मावशींना आमच्यातल्या एका विद्यार्थिनीने विचारले, “मावशी, तुमच्या भाषेत काहीतरी बोलून दाखवा ना.” मावशी स्वच्छ मराठीत म्हणाल्या, “तुम्ही कुठल्या?” भुसावळच्या, असे सांगितल्यावर पुढचा प्रश्न आला : “मग तुमच्या घरी काय बोलतात? आधी ते बोला, मग मी बोलते.” ही मुलगी मूळची धुळ्याकडची, घरी अहिराणी. तिच्याबरोबरच्या दोघांच्या घरी लेवा गणबोली. तिघेही गप्प झाले. महाविद्यालयात ‘भुसावय’ म्हटले की वर्गात हशा पिकतो म्हणून ‘ळ’ घोटून बसवलेली ही मुले, आणि त्यांच्यासमोर आपली भाषा अनोळखी माणसासमोर मिरवायला तयार नसलेल्या मावशी. अखेर मुलगी अहिराणीत दोन वाक्ये बोलली, मावशी आपल्या भाषेत दोन वाक्ये बोलल्या. कोणाला काही कळले नाही. दोघी हसल्या. एकंदर पाच मिनिटेही झाली नसतील. त्या दिवसातील ही एकच गोष्ट अशी होती की जी कोणत्याही यादीत नव्हती.

येथे आम्हा शिक्षकांना थोडे खजील व्हावे लागले, हे कबूल करायला हवे. बहिणाबाईंच्या बोलीवर आम्ही वर्गात तासन्‌तास बोलतो, ती ‘सौंदर्यस्थळ’ म्हणून दाखवतो आणि तीच बोली उत्तरपत्रिकेत आली की तांबड्या शाईने अधोरेखित करतो. आमच्या मार्गदर्शकाने कोर्लईच्या भाषेचे गाडीच्या काचेतून जे केले, त्याहून हे फारसे निराळे नाही.

याच किनाऱ्यावर अशी आणखी एक कहाणी आहे, जिच्यासाठी आमच्या दिवसात जागाच नव्हती. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज जहाज फुटून आले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा आहे. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ते ‘शनवार तेली’ झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत या समाजाने बायबलमधील कथांवर मराठीत कीर्तने रचली आणि सादर केली. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी हा सारा नारदीय थाट आणि त्यात मोशे व योसेफ यांची आख्याने. मराठी कीर्तनपरंपरेचा इतिहास शिकवताना हे प्रकरण अभ्यासक्रमात कुठे भेटते? अलिबागवरून आमची गाडी थांबल्याविना पुढे गेली.

जंजिऱ्याला पोहोचेतो दुपार कलली होती. राजपुरीहून शिडाच्या होडीने जायचे, किल्ल्यात पाऊण तास, मग त्याच होडीने परत. ‘जंजिरा’ हा शब्द अरबी ‘जझीरा’पासून आला, म्हणजे बेट. तो किल्ला सिद्दींचा, आफ्रिकेतून आलेल्या हबशी सरदारांचा. शिवाजी महाराजांनी त्याच्या तोंडावर पद्मदुर्ग उभारला, संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात भर घालून वाट करण्याचा प्रयत्न केला, तरी तो हाती आला नाही आणि १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत हे संस्थान टिकले. येथे मार्गदर्शक सर्वांत रंगात आला. समुद्राखालून राजपुरीला जाणारे भुयार, कलालबांगडी तोफेचा पल्ला, असे पुष्कळ काही. भुयाराला आधार नाही, हे आम्हाला ठाऊक होते, त्यालाही बहुधा असावे. पण सिद्दी कोण, कोठून आले, गुलाम म्हणून विकलेली माणसे सत्ताधीश कशी झाली, हे भुयाराहून कितीतरी अद्भुत प्रकरण त्याने एका वाक्यात उरकले. आख्यायिका इतिहासाला झाकते ती खोटी असल्यामुळे नव्हे. सोयीची असते म्हणून झाकते. पाऊण तासात भुयार बसते, हबशी माणसाचा प्रवास बसत नाही.

परतीच्या वाटेवर एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, हे सगळं किनाऱ्यावरच का झालं? आपल्याकडे काहीच का नाही?” प्रश्न साधा होता, पण त्यामागची समजूत खोल रुजलेली आहे. इतिहास कोकणात, पुण्यात, पैठणला घडला आणि खानदेशाच्या वाट्याला केळी, कापूस आणि रेल्वे आली, ही ती समजूत.

तिचे उत्तर पुन्हा पेरिप्लसमध्येच सापडते. भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर म्हणजे तेर. पैठणचे मौल्यवान खडे आणि तेरचे कापड रस्ते नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला येते, असे तो लिहितो. भडोच आणि पैठण यांच्या मध्ये डोंगरांच्या रांगा आहेत आणि तापी आहे. ती ओलांडल्याविना गत्यंतर नाही. चाळीसगावच्या वर, सातमाळ्याच्या कड्यात, पितळखोऱ्याची लेणी आहेत. तेथील एका स्तंभलेखात पैठणच्या गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे, दान नोंदलेले आहे. पैठणचा गंधी पितळखोऱ्याला कशासाठी आला असेल? बहुधा त्याच्या मालाची वाट तेथून जात होती म्हणून. बदल्यात भडोचला काय उतरे? पेरिप्लसच्या यादीत इटलीची दारू आहे, तांबे, कथील, शिसे आहे, पोवळे आहे, सोन्या-रुप्याची नाणी आहेत. त्या मालाचा घाटावर किती आतपर्यंत प्रवास झाला, याचा एक पुरावा कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत मिळाला : ग्रीक समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती. समुद्राचा देव समुद्रापासून इतक्या दूर येऊन पोहोचला होता.

खानदेश तर पुढेही या वाटेवरच राहिला. सतराव्या शतकात तावेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून नवापूर, नंदुरबारमार्गे बऱ्हाणपूरला गेला. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीचा वास येतो, हे त्याने आवर्जून लिहिले. फारुकींच्या खानदेशाची राजधानी असलेल्या बऱ्हाणपूरचे तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंड आणि कैरोपर्यंत जाते, हेही त्यानेच नोंदले. आणि ज्या रेल्वेला आम्ही इतिहासाची भरपाई समजतो तिचे काय? नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, मार्च १८७० मध्ये भुसावळहून जबलपूरकडे जाणाऱ्या मार्गाने मुंबई-कलकत्ता जोडले गेले. भूमध्य समुद्रातून निघालेली विलायती डाक मुंबईला उतरून त्याच रुळांवरून पूर्वेकडे धावू लागली. दोनच वर्षांनी ज्यूल व्हर्नने आपल्या नायकाला ऐंशी दिवसांत जगाभोवती फिरवताना याच मार्गाने नेले. त्याचा नोकर बऱ्हाणपूरला उतरून खोट्या मोत्यांच्या सपाता विकत घेतो. तोही घाईचा प्रवासी, त्याचीही यादीच. भुसावळ या वाटेच्या बाहेर कधीच नव्हते. पण वाटेवरचे गाव यादीत येत नाही. यादीत येतात ती बंदरे.

रात्री कल्याणच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना आम्ही त्या विद्यार्थ्याला हे सारे सांगितले. तो ऐकून घेऊन म्हणाला, “मग पितळखोरं आम्ही का पाहिलं नाही?” आमच्यापैकी निम्म्याहून अधिक शिक्षकांनीही ते पाहिलेले नव्हते. चाळीसगाव आमच्यापासून गाडीने काही तासांवर आहे, आणि आम्ही रात्रभर प्रवास करून समुद्र गाठला होता.

एका दिवसात चार बंदरे पाहिल्याचा आम्हाला पश्चात्ताप नाही. पेरिप्लसच्या लेखकाने नावे लिहून ठेवली नसती तर आज शोधायला काही उरले नसते. यादीचे काम तिने केले. आता तिच्यातील एकेका नावापाशी थांबणे, हे काम आपले. पुढच्या सहलीसाठी एकच ठिकाण आणि पूर्ण दिवस, असे त्या फलाटावरच ठरले. ठिकाण पितळखोरे. धुळ्याकडच्या त्या मुलीने आणखी एक अट घातली. तेथे जे काही लिहायचे, त्याची टिपणे प्रत्येकाने आपापल्या घरच्या भाषेत काढायची, आणि ती तपासताना तांबडी शाई वापरायची नाही. आम्ही ती मान्य केली आहे.